गोळ्यातला गोळा

डॉक्टरांनी तो गोळा धाकटीच्या हातावर ठेवला तेव्हा तो गार असेल असं तिला वाटलं होतं. पण तो डॉक्टरांच्या कोटाच्या खिशातून आला होता, आणि माणसाच्या अंगाइतकाच कोमट होता. आत एक छोटा चकचकीत गोळा, त्याच्यावर चढवलेला दुसरा, पांढरट, सोललेल्या अंड्यासारखा बुळबुळीत, आणि दोन्ही मिळून आरशासारख्या घासलेल्या वाटीत बसलेले. "फिरवून बघा," डॉक्टर म्हणाले. तिनं फिरवला. आधी आतला फिरला. त्याची हद्द संपली तशी बाहेरचा फिरायला लागला. आणि कुठंच, कुठल्याच बाजूला, अडलं नाही. "आईंच्या खुब्यात सध्या आहे तो एकच गोळा, लहान. वाटीच्या काठावरून बाहेर उडी मारायला त्याला फारसं चढावंच लागत नाही. याला मात्र काठ गाठायलाच एवढी चाल पडते, की बहुतेक वेळा हा आपला मुकाट्यानं परत फिरतो." हे वाक्य त्यांनी बऱ्याच जणांना ऐकवलं असावं, कारण ते संपताना ते थोडे हसले. "निखळणारच नाही असं मी कुणालाच सांगत नाही. पण भीती फार कमी. वाकणं, खाली बसणं, पायावर पाय टाकणं, हळूहळू सगळं जमेल. गुडघा नव्वद अंशांच्या वर न्यायचा नाही, हा जाच संपला." मग चष्मा पुसता पुसता, अगदी सहज, "तुम्हालाही मग इथं अडकून पडायला नको. तुमच्या गावी, तुमच्या कामावर."

हे त्यांनी आईसमोर म्हणायला नको होतं. किंवा धाकटीनं ते ऐकताना तोंड दुसरीकडे करायला हवं होतं. तिच्या आत काहीतरी एकदम बसल्या जागेवरून उठून दाराशी जाऊन उभं राहिलं, आणि ते चेहऱ्यावर आलं असणार, कारण शेजारच्या उंच खुर्चीवर काठी मांड्यांवर आडवी धरून बसलेल्या आईनं तिच्याकडे बघितलं. एकदाच. आईला दोनदा बघावं लागत नसे. जन्मभर ती शिलाईच्या कारखान्यात कापड कापायला होती, पुरुषांच्या जागेवर, म्हणून लोक तिला मास्तर म्हणत. समोरून चालत आलेल्या माणसाचं माप ती टेप न लावता सांगायची. तिनं धाकटीच्या चेहऱ्याचं माप घेतलं आणि टेबलावरच्या एक्स-रेकडे वळून म्हणाली, "नको."

"आजी, ऑपरेशन मोठं आहे हे मला—"

"आजी कुणाची? माझ्या दोन्ही मुलींनी अजून ती सोय केलेली नाही." आणि मग, "डॉक्टर, तुमची उजवी बाही आखूड आहे. कुणी शिवला हा कोट?"

डॉक्टरांनी बाहीकडे बघितलं. सगळेच बघत. बघून झालं की माणूस आधी होता तेवढा उरत नसे. "ठीक आहे," ते बाही खाली ओढत म्हणाले, आणि पुढचं त्यांनी धाकटीला सांगितलं. "आत्ता जबरदस्ती नाही. पण तिसऱ्यांदा निखळला तर मी विचारत बसणार नाही. मग हाच गोळा बसवायचा, दुसरा इलाज नाही." गोळा त्यांनी परत घेतला. धाकटीची मूठ मात्र गाडीत बसेपर्यंत तशीच राहिली, अर्धी मिटलेली, आत काही नसलेली.

तिसऱ्यांदा निखळला तर. हे त्या वेळी तिनं ऐकलंसुद्धा नव्हतं, असं ती पुढं स्वतःला सांगायची. लिफ्टमध्ये ऐकलं. नाही, लिफ्टमध्ये आई आरशात बघत होती आणि म्हणत होती, "तुझा डावा खांदा अजून पडतोच." गाडीत ऐकलं. गाडीत, मागच्या सीटवर दोन उशांवर आईला चढवून, पाय धरून आत वळवताना, पंजा आत वळता कामा नये, गुडघा वर येता कामा नये, असं तोंडानं पुटपुटत असताना तिच्या हाताला आईच्या मांडीच्या मुळाशी ते हाड लागलं, जे हाड नव्हतं, आणि तिला वाटलं, किती थोडक्यात बसलंय हे. किती थोडं पुरेल.

पहिल्या ऑपरेशननंतर घर उंच झालं होतं. पलंगाखाली ठोकळे, सोफ्यावर फोमची जाड पानं, संडासावर उंच बैठक. चपला, बरण्या, कात्र्या, सगळं कमरेच्या वर. व्यायाम शिकवायला येणारी बाई दाराशी बूट घालता घालता सांगून गेली होती गुडघा खुब्याच्या वर न्यायचा नाही पायावर पाय नाही खाली बसायचं नाही वळायचं तर सगळं अंग घेऊन वळायचं झोपताना दोन पायांत उशी आणि खाली काही पडलं तर पडलेलंच राहू द्या. पडलेलंच राहू द्या! असं वाक्य त्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. आता त्या उंच घरात आई बरोबर मापात बसायची, आणि मुळात बुटक्या असलेल्या धाकटीचे पाय कुठल्याच खुर्चीवरून जमिनीला टेकायचे नाहीत. चाळिशी उलटलेली बाई पाय लोंबकळत ठेवून जेवायची. "शाळेतली पोर दिसतेस," आई म्हणायची. "कोपऱ्यात बसवलेली." थोडे दिवस म्हणून आली होती. थोडे दिवस हा शब्द ताईचा. ताई परमुलखातून फोनवर म्हणाली होती, "थोडे दिवस तू बघ, मग आपण ठरवू," आणि ताईचं ठरवणं अजून चालूच होतं.

पहिल्यांदा निखळला तो बुटाचा बंद बांधताना. ती चूक होती, कुणाचीही झाली असती. दुसऱ्यांदाची गोष्ट वेगळी. दुसऱ्यांदा धाकटीची बॅग दाराशी होती. सांभाळायला येणारी बाई ठरली होती, तिच्या हातात किल्ली दिली होती, आणि धाकटी बूट चढवत असताना आतून आई म्हणाली, "अगं, टाचणी पडली वाटतं," आणि पाठोपाठ तो आवाज. जाड कापडाच्या घडीत सुई मोडावी तसा. आत जाऊन बघते तर पाय आखूड झालेला, आत वळलेला, दुसऱ्या कुणाचा तरी आणून लावल्यासारखा. आईचे ओठ पांढरे, वरच्या ओठावर घाम. नाटक नव्हतं ते. एवढ्या वेदनेचं नाटक कुणाला येत नाही. पण त्या वेदनेतून आई बघत होती ती बॅगेकडे. किंवा बॅग दाराशी होती आणि अशा वेळी माणूस दाराकडे बघणारच. हे धाकटीनं इतक्या वेळा उलटसुलट करून बघितलं होतं की आता त्याची कुठली बाजू सुलट हेच तिला कळत नव्हतं. दवाखान्यातून परत आल्यावर आईनं त्याचा विनोद करून टाकला. धाकटीचा आवाज जरा चढला की आई काठी बाजूला ठेवायची, दोन्ही हात गुडघ्यांवरून खाली सरकवायची आणि मान तिरकी करून विचारायची, "वाकू?"

"आई, पुरे."

"नाही, तू म्हण. वाकू?"

शेजारीण बसलेली असली तर तीसुद्धा पोट धरून हसायची. काय विनोदी बाई आहे तुमची आई, एवढं दुखणं आणि कसं हसण्यावारी नेते.

डॉक्टरांकडून आल्यावर आई कापायच्या टेबलाशी बसली. कारखाना सुटला तरी टेबल सुटलं नव्हतं; आता कुणाकुणाच्या लेकरांची झबली, उशांचे अभ्रे, कापडाचे तुकडे. खडूनं रेघ ओढताना ती श्वास धरायची, आणि धाकटीला लहानपणापासूनची सवय, तीही धरायची.

"का नको?"

"माझं हाड, माझी मर्जी."

"डॉक्टर म्हणाले—"

"डॉक्टरला स्वतःची बाही धड शिवून घेता येत नाही."

"आई, मला परत जायचंय."

हे इतक्या सरळ शब्दांत ती पहिल्यांदाच बोलली होती. आईनं रेघ पूर्ण केली. मग दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. "जा की. मी कुठं धरलंय? बघ, दोन्ही हात इथं आहेत." आणि कातरीकडे हात नेत, "तुझा चेहरा बघितला मी तिथं. लग्न ठरल्यासारखा झाला होता. ताईचा नसता झाला तसा."

"ताई तिथं नव्हतीच!"

"तेच म्हणते मी. ती लांब आहे तर लांब आहे. तू जवळ बसून लांब असतेस."

कातर चालायला लागली. त्या कातरीचा आवाज ही धाकटीची सगळ्यांत जुनी आठवण. कुणाच्याही आवाजाच्या आधीची. त्यानंतरची आठवण याच टेबलाची, त्याच्यावर उभं केलेलं असताना. अंगावर ताईचा फ्रॉक, बाजूनं टाचण्या लावलेल्या. "हलू नकोस. हललीस तर टोचेल, मग मला बोल लावू नकोस." ती हलायची नाही, आणि तरी टोचायचं, आणि टोचलं म्हणजे आपण हललो असणार असं तिला वाटायचं. ताईच्या कपड्यांना आई आत भरपूर कापड दाबून ठेवायची, ताई वाढेल म्हणून. वाढली की उसवायचं. तेच कपडे धाकटीला करताना दाबलेलं कापड कातरून टाकायची. "हिची वाढ झाली तेवढी झाली," असं तोंडात टाचण्या धरून, ओठांच्या कोपऱ्यातून. त्यात राग नव्हता. माप होतं ते. आणि दुर्दैव असं की ते बरोबर निघालं.

धाकटीचं काम दुसऱ्या शहरात होतं, बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत. ओल्या कागदावर रांगेनं बिया मांडायच्या, उबेत ठेवायच्या, आणि कुठल्या रुजल्या, कुठल्या कुजल्या, ते बघायचं. तिला ती खोली आवडायची. तिथली ओल, मातीशिवायचा मातीचा वास, आणि मुख्य म्हणजे तिथं कुणी तिच्याकडे बघायचं नाही, सगळे खाली बघायचे. तिथल्या साहेबबाईंचा फोन त्याच आठवड्यात आला. "मी तुझी जागा धरून ठेवली होती," त्या म्हणाल्या, "पण माझ्याही वर माणसं आहेत. महिनाअखेरपर्यंत ये. नाही तर सरळ सांग, मी दुसरीला घेते. राग मानू नकोस." धाकटी हो म्हणाली. कशाला हो म्हणाली ते तिलाही कळलं नाही. फोन ठेवला तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात आई काठीवर उभी होती. "कोण गं? ओल्या कागदावाली?" आणि हसत, प्रेमानंसुद्धा म्हणता येईल अशा आवाजात, "सांगितलंस ना, आई पांगळी आहे म्हणून?"

काही बिया असतात. ना रुजत ना कुजत. कितीही पाणी द्या, ऊब द्या, तशाच दगडासारख्या पडून राहतात. मेलेल्या नसतात त्या. कवच इतकं घट्ट की पाणीच आत घेत नाहीत. साहेबबाई त्यांना हट्टी म्हणायच्या. त्यांच्यावर उपाय एकच, बारीक काचकागदावर घासायचं. एक ओरखडा. कवचाला एवढीशी चीर पडली की पाणी शिरतं, आणि दोन दिवसांत तीच हट्टी बी सगळ्यांच्या पुढं. धाकटीचा हात त्यात बसलेला होता, नव्या मुली तिच्याकडे शिकायला पाठवायचे. किती घासायचं हे बोटांना कळावं लागतं; जास्त झालं तर आतला कोंब जातो, वरून मात्र काही दिसत नाही. तिच्या हातून एकही कोंब कधी गेला नव्हता. म्हणून असेल. इतकी वर्षं हाताखालून हट्टी बिया गेलेल्या माणसालाच असं वाटू शकतं, की घट्ट मिटलेल्या कशालाही एक ओरखडा, एकच, बेताचा, म्हणजे कृपाच. आईचा खुबा दोनदा निखळला, दोनदा बसवला. भूल देतात, ओढतात, बसतो. तिसऱ्यांदा बसवणार नाहीत. तिसऱ्यांदा तो कोमट गोळा, आणि मग आई वाकेल, खाली बसेल, पायावर पाय टाकून लोकांच्या बाह्या मोजेल. हे आईसाठीच. स्वतःला असं सांगताना ती भांडी घासत होती आणि एकच कप घासत होती.

आई दुपारची पडली होती. कापायच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर फोमची दोन पानं होती, वरून आईनंच शिवलेली खोळ. धाकटीनं खोळीचे बंद सोडले, खालचं पान काढलं, बंद बांधले. खोळ सैल झाली; मधोमध एक सुरकुती आली. ती तळहातानं ताणून तिनं पुसली, परत आली, परत पुसली. काढलेलं पान तिनं आपल्या पलंगाखाली सरकवलं. हात सराईतपणे चालले. याचं तिला पुढं सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटलं.

मग काय झालं, ते तिनं डॉक्टरांना असं सांगितलं: खडू पडला, ती उचलायला वाकली, मी पोचेपर्यंत झालं.

ताईला असं सांगितलं: तुला माहितीये ती कशी आहे, कुणाचं ऐकते का, किती वेळा सांगितलं खाली पडलेलं राहू दे म्हणून.

झालं ते असं. आई उठून आली. खुर्चीपाशी थांबली. खुर्चीच्या पाठीवर तिनं तळहात ठेवला आणि बैठकीकडे बघितलं, एकदाच; आणि मग मान वर करून धाकटीकडे. धाकटी दारात होती, हातात चहाचा कप. आईच्या चेहऱ्यावर राग आला असता तर सोपं होतं. भीती आली असती तरी. पण तिचा चेहरा मोकळा झाला होता, कुतूहल असलेल्या माणसाचा होतो तसा. काठी टेबलाला टेकवून ती बसली, आणि बसताना तिची नजर धाकटीवरून हलली नाही. ती नेहमीपेक्षा खाली गेली. गुडघे वर आले. आता. आता म्हणायचं, आई, ऊठ. शब्द दातांपर्यंत आला, त्याची चव आली, टाचणीसारखी, लोखंडाची. आईनं टेबलावरचा खडू घेतला, रेघ ओढायला लागली, आणि खडू पडला, की सोडला, तो पायांच्या आतल्या बाजूला घरंगळला. दोघींनी खडूकडे बघितलं. मग दोघींनी एकमेकींकडे. किती वेळ गेला असेल? काहीच नाही, पण एक शब्द मावेल एवढा नक्की. आई वाकायला लागली, सावकाश, डाव्या हातानं टेबलाची कड धरून, मान वर, डोळे धाकटीवर, आणि धाकटीनं काय केलं, तर हातातला कप शेजारच्या फडताळावर ठेवला. नीट ठेवला. कपाचा कान भिंतीकडे वळवून ठेवला. ती वळेपर्यंत तो आवाज झाला होता. या खेपेला आई ओरडली, आणि ते ओरडणं सगळ्या उंच केलेल्या घरातून फिरून परत आलं.

दवाखान्याच्या बाकावर बसून असताना तिचे पाय जमिनीला टेकत होते. कित्येक दिवसांनी. तिला ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून तिनं ते उचलून घेतले. समोरच्या भिंतीवर हाडांचं चित्र होतं, हसणारं. सांगाडे नेहमी हसतात. तिच्या डोक्यात बी फिरत होती, काचकागद फिरत होता, आणि मधूनच गाडीचं वेळापत्रक, सकाळची गाडी, दुपारची गाडी; त्याची तिला लाज वाटत नव्हती, आणि लाज वाटत नाही याची वाटत होती. डॉक्टर आले ते टोपी काढत. "सांधा उत्तम बसलाय. तोच, तुम्हाला दाखवला होता तो. आता कसाही फिरवा." मग ते तिच्या शेजारी बसले, आणि डॉक्टर शेजारी बसला की काय असतं ते तिला कळलं. "एक गोष्ट आहे. निखळताना गोळा मागं जातो, आणि पंजाकडे जाणारी नस तिथंच मागं असते. ती ताणली गेलीय. ऑपरेशनच्या आधीच गेली होती, तसं मी तपासून ठेवलंय." हे त्यांनी स्वतःसाठी म्हटलं. "पाऊल उचललं जात नाहीये. येईल कदाचित काही महिन्यांत. कधीकधी येत नाही."

"पण खुबा?"

"खुबा?" डॉक्टरांनी तिच्याकडे जरा नवलानं बघितलं. "खुबा आता कुठं जात नाही."

व्यायामवालीनं पुढं एक दिवस आईला पलंगावर उताणं ठेवून तो पाय गुडघ्यात दुमडला आणि पोटाकडे नेला, बाजूला फिरवला, आत फिरवला, परत नेला. "बघा तरी," ती धाकटीला म्हणाली, "लोण्यासारखा फिरतोय!" आणि त्या फिरणाऱ्या पायाच्या टोकाला पाऊल लोंबत होतं, ओल्या मोज्यासारखं, ज्या बाजूला कलेल त्या बाजूला. आई छताकडे बघत होती. व्यायामवाली हात धुवायला आत गेली तशी ती म्हणाली, "दोन बोटं."

धाकटीनं ऐकलं नाही असं दाखवलं.

"दोन बोटं खाली होती बैठक. आणि खोळीला सुरकुती. माझ्या हातची खोळ आहे ती, तिला सुरकुती पडेल का?"

आत नळ चालू होता. तो बंद होईल, कुणीतरी येईल, असं धाकटीला वाटत राहिलं. तो चालूच होता. "मग बसलीस कशाला?" हा आवाज आपला नाही असं तिला वाटलं, फार बारीक होता, टेबलावर उभं केलेल्या कुणाचा तरी.

"तू थांबवतेस का बघायचं होतं," आई म्हणाली.

एवढंच. त्यावर ओरडणं नाही, रडणं नाही, शिव्या नाहीत. धाकटी त्यांची वाट बघत राहिली, जशी माणसं वरच्या मजल्यावर एक बूट पडल्यावर दुसरा पडायची वाट बघतात. आल्या नाहीत. रविवारी ताईचा फोन आला तेव्हा आईनं तो स्वतः घेतला, आणि धाकटी समोर असताना, तिच्याकडेच बघत बोलली. "नाही गं, तिचा काय दोष? ... खडू पडला, मी वाकले... तिनं खूप केलं हो माझं, तुझ्यानं झालं नसतं... छे, ती कुठं जाते आता." फोन ठेवून म्हणाली, "सांगणार नाही मी कुणाला. घाबरू नकोस." आणि हे ती खरंच बोलत होती, आई दिलेला शब्द मोडत नसे. आईनं ते सांगितलं असतं तर! ताईला, डॉक्टरला, शेजारणीला, पोलिसालासुद्धा. लोकांनी तोंडावर थुंकलं असतं, आणि मग तोंड धुऊन सकाळची गाडी धरता आली असती. न सांगितलेलं कुठं घेऊन जायचं?

महिनाअखेरीच्या आधी तिनं साहेबबाईंना फोन केला. "आई बरी नाही का अजून?" त्यांनी विचारलं. "बरी आहे," धाकटी म्हणाली, "अगदी वाकता येतं तिला आता." मग साहेबबाईंनी तिला जपायला सांगितलं, आणि कदाचित तेव्हाच दुसरीचं नाव घातलं.

घर हळूहळू खाली आलं. ठोकळे निघाले, संडासावरची बैठक निघाली. धाकटीचे पाय सगळीकडे टेकायला लागले. आई आता जमिनीवर बसून कापड बेतते, मांडी घालून, पसरून. वाकते, वळते, खाली पडलेलं उचलते आणि उचलून धाकटीला दाखवते, बघ. पाऊल मात्र तसंच आहे. त्याला पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लॅस्टिकचा साचा लागतो, पट्ट्यांनी बांधायचा, त्यावर बूट. नाही तर पंजा घासटतो आणि आई तोंडावर आपटेल. तो साचा रोज सकाळी चढवायचा. पहिल्या दिवशी आईनं पाय पुढं केला तेव्हा धाकटी म्हणाली होती, "आता वाकता येतंय की तुला."

"येतं," आई म्हणाली, आणि पाय तसाच पुढं ठेवला.

तेव्हापासून रोज. आज सकाळीही. आई खुर्चीत, धाकटी खाली गुडघ्यांवर. खिडकीतून ऊन आत आलेलं, बरोबर त्या पावलावर. पांढरं, जरा सुजलेलं, बोटं खाली गेलेली, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखं. वरच्या बाजूला त्याला काही लागत नाही, हे व्यायामवालीनं पिसानं, टाचणीनं तपासून सांगितलं होतं. धाकटीनं टाच साच्यात बसवली. आई वर वर्तमानपत्र धरून होती, त्याचा कागद मधूनमधून सळसळत होता. धाकटीनं पट्टी ओढली. आणि मग, का, तिला ठाऊक नाही, रागानं नव्हे, राग केव्हाच संपला होता, नुसतं बघावं म्हणून, तिनं अंगठ्याचं नख पावलाच्या वरच्या कातडीत रोवलं. कातडी आत गेली. पाऊल हललं नाही. तिनं आणखी दाबलं, पूर्ण जोर लावून, दातांवर दात धरून, लहानपणापासून धरलेला श्वास धरून, आणि त्या मऊ, निमूट मांसात नख जात राहिलं आणि कुणी काही म्हणत नव्हतं, आणि हे असं कितीही वेळ करता येईल असं तिला वाटलं, रोज, आणि त्या वाटण्यात जे सुख होतं त्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नख काढलं तेव्हा तिथं एक चंद्रकोर उमटली होती, कडेला लाल होत चाललेली.

कागद सळसळला नव्हता बराच वेळ. तिनं वर बघितलं. वर्तमानपत्र आईच्या मांडीवर होतं.

"तिथं लागत नाही मला," आई म्हणाली. "पण दिसतं."

आणि पाय आणखी पुढं करून, "दुसरी पट्टी राहिली. घट्ट लाव."

धाकटीनं ती लावली.